कच्ची वही कुठे ठेवावी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कविता करणारा माणूस, बी.ए.ला मराठी घेतलेला, आणि बोलतोय कॉम्प्युटरवर! पण गेली वीसेक वर्षे मी जे काही लिहितो ते कॉम्प्युटरवरच लिहितो. आमच्या जुन्नरला आता वही-पेन घेऊन बसणारे कवी थोडेच उरलेत. तेव्हा ज्या हत्याराने आपण काम करतो, ते आपले काम ठेवते कुठे, हे विचारायचा हक्क सुताराइतकाच कवीलाही आहे.

प्रश्न साधा आहे. आपण लिहीत असताना कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने, आपल्या नकळत, आपल्या मजकुराची एक प्रत काढून ठेवतो. याला ऑटोसेव्ह म्हणतात. ही प्रत त्याने ठेवायची कुठे?

आधी ती लागते कशाला, ते पाहू. पडद्यावर दिसणारी अक्षरे ही फळ्यावर खडूने लिहिल्यासारखी असतात. आपण 'सेव्ह' म्हणेपर्यंत ती तबकडीवर उतरलेली नसतात. वीज गेली की फळा कोरा. आणि वीज जाणे म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगायला नको. 2005 नंतरची काही वर्षे तर आम्ही भारनियमनाचे वेळापत्रक पाहून लिहायला बसायचो. म्हणून लिहिण्याचे प्रोग्रॅम करणाऱ्यांनी ही सोय केली. विम नावाचा एडिटर 200 अक्षरे टंकली की, किंवा 4 सेकंद बोटे थांबली की, प्रत काढतो. ईमॅक्स नावाचा दुसरा, तो 300 कळा दाबून झाल्या की काढतो. आपल्याकडे घरोघरी असणारा वर्ड मुळात 10 मिनिटांनी काढतो. दहा मिनिटे म्हणजे बातमी लिहिणाऱ्याचे एक पान, आणि माझ्यासारख्याच्या चार ओळी. पण त्या चार ओळी पुन्हा तशाच येत नाहीत.

माझ्या अब्बांचे जुन्नरच्या बाजारात छोटे किराणा दुकान होते. त्यांच्या दोन वह्या असत. कच्ची वही गल्ल्यावर. कोणी काय नेले, किती उधार राहिले, ते घाईघाईत तिच्यात पडायचे. रात्री दुकान बंद झाले की अब्बा तिच्यावरून पक्क्या वहीत उतरवून घेत, आणि पक्की वही घरी, पेटीत. कच्ची वही हाताशी हवी, नाहीतर तिचा उपयोग नाही. पण ती पक्कीच्या अंगावर लिहायची नाही, नाहीतर दोन्हींचा उपयोग नाही. ऑटोसेव्हची फाइल ही कॉम्प्युटरची कच्ची वही आहे. आता ती ठेवायच्या जागा कोणत्या, ते एकेक करून पाहू.

पहिली जागा, मूळ फाइलच्या शेजारी. विम आणि ईमॅक्स मुळात असेच करतात. ज्या फोल्डरमध्ये तुमची फाइल आहे, त्याच फोल्डरमध्ये तिची कच्ची प्रत. याचे फायदे खरे आहेत. शोधायला लांब जावे लागत नाही. फोल्डर उचलून दुसरीकडे नेले तर दोघी बरोबर जातात. आणखी एक फायदा चटकन लक्षात येत नाही. एकच फाइल दोघांनी एकदम उघडली, तर शेजारची प्रत पाहून प्रोग्रॅम दुसऱ्याला सावध करतो, की बाबा, आत कोणीतरी आहे. वर्डसुद्धा एवढ्या कामापुरती एक लपलेली छोटी फाइल शेजारी ठेवतोच.

पण आमच्याकडे पुष्कळसे लिखाण स्वतःच्या घरात होत नाही. तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात होते, डीटीपीवाल्याकडे होते. लोक पेन ड्राइव्ह घेऊन जातात. पेन ड्राइव्हवर मूळ फाइल आणि शेजारीच कच्ची प्रत असेल, आणि काम चालू असताना कोणी तो उपसला, तर दोन्ही एकदम गेल्या. शिवाय चार जणांच्या सामाईक फोल्डरमध्ये कच्ची प्रत शेजारी पडली, तर अर्धवट लिहिलेले सगळ्यांना दिसते. मग कोणी म्हणेल, कच्ची प्रत त्या कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या जागी ठेवा. ठेवा की. पण मग तुम्ही पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी आलात, तरी एखादी कच्ची प्रत दुकानात राहू शकते. सासरच्या छळाची तक्रार टाइप करून घ्यायला आलेली बाई, भावकीच्या वाटणीचा अर्ज लिहून घेणारा म्हातारा, यांचा मजकूर त्यांच्या पश्चात दुकानातल्या कॉम्प्युटरवर असावा काय? लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तेव्हा कच्ची प्रत कुठे ठेवायची, हा प्रश्न नुसता सोयीचा नाही, अब्रूचाही आहे.

दुसरी जागा, प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या खात्यातला एक ठरलेला फोल्डर. वर्ड, लिबरऑफिस, नोटपॅड प्लस प्लस हे सगळे या वाटेने जातात. मूळ फाइल कुठेही असो, कच्ची प्रत एकाच ठिकाणी. विंडोज 11 मधला साधा नोटपॅडसुद्धा आता न जपलेला मजकूर अशाच एका जागी राखून ठेवतो. मला स्वतःला ही पद्धत पहिलीपेक्षा बरी वाटते. मूळ फोल्डर स्वच्छ राहतो, पेन ड्राइव्ह उपसला तरी प्रत वाचते, आणि स्वतःच्या खात्यात असल्यामुळे दुसऱ्याच्या डोळ्यांपासून जरा दूर राहते.

पण इथे नावाचा घोटाळा सुरू होतो. माझ्या 2003 च्या फोल्डरमध्ये 'पाऊस' नावाची कविता आहे आणि 2011 च्या फोल्डरमध्येही आहे. कवीला पाऊस काही एकदाच पडत नाही. दोन्हींच्या कच्च्या प्रती एकाच फोल्डरमध्ये आल्या, तर एक दुसरीवर बसणार. यावर उपाय गावाने फार पूर्वी शोधलेला आहे. एकाच नावाची दोन माणसे असली की आपण बापाचे नाव लावतो, तरी भागले नाही तर वाडीचे नाव लावतो. विमला तसे सांगून ठेवले, तर तोही तेच करतो. फाइलचा सगळा पत्ता, कुठल्या फोल्डरच्या आत कुठला फोल्डर, तो कच्च्या प्रतीच्या नावातच गुंफतो.

मराठी माणसाची पंचाईत त्याच्या पुढे आहे. आज कॉम्प्युटरवर मराठी ज्या युनिकोड पद्धतीने साठवली जाते, तिच्या सर्वांत रूढ प्रकारात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला तीन. काना, वेलांटी, मात्रा, पाय मोडण्याचे चिन्ह हे सगळे वेगळे मोजले जाते. 'कविता' या शब्दाला पाच चिन्हे, म्हणजे 15 बाइट. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारणपणे 255 बाइटची मर्यादा असते, म्हणजे मराठीत 85 चिन्हे. सगळा पत्ता नावात घालायला निघालात आणि तुमचे फोल्डर माझ्यासारखे 'अप्रकाशित कविता दुसरा खर्डा' अशा नावांचे असले, तर मर्यादा केव्हा ओलांडली ते कळत नाही, आणि कच्ची प्रत निघतच नाही. काही नव्या एडिटरांनी यावर तोड काढली आहे. ते पत्त्यावरून ठरावीक लांबीचा एक सांकेतिक आकडा तयार करून तो नाव म्हणून देतात, आणि खरा पत्ता आत पहिल्या ओळीत लिहून ठेवतात. हे मला पटते. आमच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज ते पुतळे नाहीत. पण त्यांच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली होती, म्हणून तिथे सिमुक होता, नागनिका होती, हे दोन हजार वर्षांनी कळते. वस्तूबरोबर तिचे नाव-गाव नसेल, तर सापडूनही ती कोणाची ते कळत नाही.

ठरलेल्या फोल्डरचा दुसरा दोष जास्त मोठा आहे. हा फोल्डर बहुधा लपवलेला असतो. सामान्य माणसाने चुकून हात लावू नये म्हणून लपवलेला. पण चुकून हात लागू नये अशी जागा वेळेला सापडतही नाही.

माझा एक मित्र होता. डिंभे धरणाच्या पाणलोटाकडच्या गावांत त्याने प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी काढली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने गाव याच धरणात गेले. निवृत्तीनंतर तो त्या बाजूच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करी. आधी वहीत लिहायचा, पण शेवटची दोन वर्षे बाईच्या पुढ्यात बसून थेट लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा. 2018 च्या जानेवारीत एका रात्री त्याने मला फोन केला. आज एकाच बाईने साठेक ओव्या सांगितल्या, उद्या नीट लावतो म्हणाला. त्या रात्रीच तो झोपेत गेला. लॅपटॉप उघडाच होता, बॅटरी संपून तो आपोआप बंद पडला. नव्या फाइलला त्याने अजून नावही दिलेले नव्हते.

महिनाभराने मुलाने तो लॅपटॉप आपल्या मुलीच्या अभ्यासासाठी एका दुकानात साफ करायला दिला. दुकानदाराने पाहिले, कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये जे होते ते काढून एका पेन ड्राइव्हवर घातले, आणि बाकी सगळे पुसून मशीन नव्यासारखे करून दिले. त्याने त्याच्या परीने काळजी घेतलीच होती. त्या साठ ओव्यांची कच्ची प्रत मात्र लपवलेल्या फोल्डरमध्ये असणार, ती पुसली गेली. माझा भाचा मंचरला कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामू, फाइल हरवली नव्हती. ती तिथेच होती, पण तिचा पत्ता घरात कुणालाच ठाऊक नव्हता."

नंतर मित्राची बायको स्वतः त्या बाईकडे जाऊन बसली. बाई ऐंशीच्या पुढची. जात्याशिवाय तिला ओवी आठवेना. कुणाकडून तरी जाते आणवले, मूठभर नाचणी घातली. एकोणीस ओव्या आल्या. बाकीच्या त्या दिवशी आल्या नाहीत, आणि पावसाळ्यानंतर बाईही राहिली नाही.

आता तिसरी जागा, आणि तिच्यापासून घेण्यासारखा एक धडा. कॉम्प्युटरवर तात्पुरत्या फायलींचा एक फोल्डर असतो. तो म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा, केव्हाही साफ होतो. पुष्कळ मशीनवर ते पुन्हा सुरू होताना तो रिकामा केला जातो. म्हणजे ज्या क्षणी कच्ची प्रत लागायची, नेमक्या त्या क्षणी ती झाडून टाकलेली. तेव्हा ही जागा बाद. पण विमचा पूर्वज जो व्ही-आय, 1970 च्या दशकात अमेरिकेत बिल जॉय यांनी लिहिलेला, तो आपले काम याच फोल्डरमध्ये ठेवायचा. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झाले, की झाडलोट होण्याआधी एक छोटा प्रोग्रॅम तिथल्या अर्धवट फायली उचलून जपणुकीच्या वेगळ्या जागी नेऊन ठेवी, आणि ज्याची फाइल त्याला मशीनमधल्या टपालातून पत्र पाठवी. मजकूर एवढाच, की मशीन बंद पडले तेव्हा तुमची अमुक फाइल वाचवून ठेवली आहे, ती अशी अशी परत मिळेल. इतक्या वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचले होते, की नुसते जपून ठेवणे पुरे नाही, धन्याला कळवले पाहिजे. माझ्या मित्राच्या घरच्यांना असे एक पत्र मिळाले असते तर?

चौथी जागा, लांबची. हल्ली बरेच प्रोग्रॅम लिखाण चालू असतानाच ते इंटरनेटवरून दूरच्या मशीनवर पाठवतात. याची गरज आमच्या तालुक्यांना वेगळी सांगायला नको. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराच्या मातीखाली गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. त्या घरांतल्या कागदांचा हिशोब कोण करणार, आणि तो माणसांपुढे मांडूही नये. पण मागे राहिलेल्यांना पुन्हा उभे राहायचे तर कोण कोणाचा, कुठली जमीन कुणाची, हे लागतेच. आणि अशा वेळी घरातली पेटी उपयोगी पडत नाही, घोडेगावच्या तहसील कचेरीतली नोंद पडते. मूळ कागद आणि प्रत एकाच छपराखाली असतील, तर ती प्रत विजेपासून वाचवते, डोंगरापासून नाही.

देहूच्या इंद्रायणीची गोष्ट महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या चमत्काराबद्दल ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. पण चाकणच्या संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग आपल्या वह्यांत उतरवून ठेवले होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे यांनी त्या वह्यांवरून गाथा छापली, हे तर कागदावर आहे. देहूबाहेर वही होती, आणि गावोगाव लोकांच्या तोंडी अभंग होते. आमच्या मोहल्ल्यात कुराण तोंडपाठ असलेला हाफिज असतो, तोही लांब ठेवलेली एक प्रतच.

आणि ओव्यांचे म्हणाल, तर माझ्या मित्राच्या साठ गेल्या, पण हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या राहिल्या. हे काम त्यांनी पुण्यातून, मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांना बरोबर घेऊन केले. प्वातव्हाँ 2004 मध्ये वारले. संग्रह त्यांच्याबरोबर गेला नाही, कारण तो एका माणसाच्या एका मशीनवर नव्हता. 2017 पासून 'परी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या, कुणालाही वाचता-ऐकता येतात.

तर मग सगळे लांबच ठेवावे काय? तसेही नाही. भीमाशंकरच्या बाजूला, आहुप्याकडे गेलात की रेंज मिळेलच असे नाही. कच्ची वही हाताशी हवी, ती पुण्या-मुंबईला ठेवून भागत नाही. दुसरे असे, की लांब पाठवणारे प्रोग्रॅम बहुधा मूळ फाइलवरच लिहीत जातात. मी एक शब्द खोडून दुसरा घातला, की तोच पक्का. जुने रूप आत कुठेतरी इतिहासात असते, पण ते किती मागचे मिळेल हे ज्याच्या त्याच्या नियमावर. आणि कविता करणाऱ्याला परवाची ओळ आजच्या ओळीपेक्षा चांगली होती असे पुष्कळदा वाटते.

म्हणून या प्रश्नाचे माझे उत्तर असे. कच्ची प्रत मूळ फाइलच्या अंगावर नको. ती लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातल्या एका ठरलेल्या जागी असावी, जिथे दुसऱ्याचे डोळे पोचत नाहीत आणि झाडलोट होत नाही. तिच्यावर किंवा तिच्या आत मूळ फाइलचा पूर्ण पत्ता असावा. मशीन पुन्हा सुरू झाले की प्रोग्रॅमने आपण होऊन सांगावे, की इथे तुमचे काही राहिले आहे. आणि दूरची प्रत हे वेगळे काम आहे, ते ऑटोसेव्हवर सोपवून झोपू नये. अब्बा कच्च्या वहीवरून रात्री पक्की लिहीत, तसे आठवड्यातून एकदा आपले लिखाण दुसऱ्या छपराखाली न्यावे. बहिणीच्या घरी एक पेन ड्राइव्ह ठेवला तरी चालेल, इंटरनेटवर ठेवले तरी चालेल.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. वर्डमध्ये 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'सेव्ह' उघडलेत, तर कच्ची प्रत किती मिनिटांनी निघते आणि कुठे जाते, दोन्ही दिसते. मिनिटे कमी करता येतात, जागाही बदलता येते. सेव्ह न करताच फाइल बंद झाली असेल, तर 'फाइल'मधल्या 'इन्फो'त 'रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स' असते, तिथे आधी पाहावे. दुकानात टाइप करून घेतलेत, तर उठण्याआधी ही जागा दुकानदाराला उघडायला लावा आणि आपला मजकूर आपल्यासमोर पुसून घ्या. संकोच करू नका. आणि घरचा कॉम्प्युटर कोणाला साफ करायला देण्याआधी त्या लपलेल्या फोल्डरमध्ये एकदा डोकावा, विशेषतः तो वापरणारा माणूस आता नसेल तर.

माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर आतल्या बाजूने मी त्या फोल्डरचा पत्ता कागदावर लिहून चिकटवला आहे. माझी मुलगी हसते. पण तिने तो वाचला आहे, एवढे मला पुरे.